'पाठलाग' (१९६४): एका मराठी रहस्यपटाची घडण आणि त्याचे विस्मरण

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाचा विचार करताना आज प्रथम डोळ्यांसमोर येते ती कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत. ओतकाम व अभियांत्रिकी उद्योग ही या जिल्ह्याची ओळख आहे. येथे तयार झालेले सुटे भाग देशभरातील इंजिनांत आणि वाहनांत बसतात. मात्र तयार वस्तूवर नाव असते ते दुसऱ्याचे. याच जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणखी एक उद्योग भरभराटीस आला होता, तो चित्रपटनिर्मितीचा. त्या उद्योगात उमेदवारी केलेल्या कलावंतांनी पुढे घडविलेल्या एका कलाकृतीच्या वाट्यालाही अशीच अनामिकता आली. ती कलाकृती म्हणजे राजा परांजपे दिग्दर्शित 'पाठलाग' (१९६४) हा रहस्यपट होय.

'मेरा साया' हा हिंदी चित्रपट भारतभर परिचित आहे. त्याचा उगम मराठीत आहे, ही गोष्ट मात्र बहुधा तळटीपेपुरती उरली आहे. 'पाठलाग' कोणत्या परंपरेतून व परिस्थितीत घडला, त्याची कथा भाषेची सीमा इतक्या सहजतेने का ओलांडू शकली आणि तरीही मूळ कृती स्मरणातून मागे का पडली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोल्हापूरची उमेदवारी

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली आणि स्थानिक कारागिरीच्या बळावर कॅमेरा तयार करून १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पूर्ण केला. १९२९ मध्ये याच शहरात प्रभात फिल्म कंपनीचा जन्म झाला. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा बोलपट येथेच तयार झाला. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली, तरी कोल्हापुरातील चित्रपटव्यवसाय थांबला नाही. भालजी पेंढारकर, मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर यांच्यामुळे हे शहर नवोदितांची पाठशाळाच बनले.

'पाठलाग'शी संबंधित दोन प्रमुख व्यक्ती या पाठशाळेतून गेल्या होत्या. मूळचे मिरजेचे राजा परांजपे यांनी भालजी पेंढारकरांच्या सहवासात चित्रपटाचे प्राथमिक धडे घेतले. गीतकार ग. दि. माडगूळकर यांचा चित्रसृष्टीतील प्रवेशही कोल्हापूरमार्गेच झाला. हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली होती. स्टुडिओपद्धतीत माणूस एकाच कामापुरता मर्यादित राहत नसे. अभिनय, लेखन, संगीत, संकलन या सर्व अंगांशी त्याचा संबंध येई. रहस्यपटात प्रत्येक अंग दुसऱ्यावर अवलंबून असते, त्यामुळे अशी सर्वांगीण तयारी तेथे विशेष उपयोगी पडते.

रहस्यपटाची जोखीम

'पाठलाग'चे वेगळेपण समजण्यासाठी तत्कालीन मराठी चित्रपटाची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला आणि तमाशाप्रधान चित्रपटांना व्यावसायिक प्रतिष्ठा मिळाली. 'पाठलाग' ज्या वर्षी आला, त्याच वर्षी मान्यांचाच 'सवाल माझा ऐका' हा चित्रपटही आला. तमाशापट, कौटुंबिक चित्रपट, संतपट आणि ऐतिहासिक चित्रपट हे त्या काळचे रुळलेले मार्ग होते.

रहस्यकथेला मराठीत वाचक नव्हता असे मुळीच नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या 'काळा पहाड' आणि 'झुंजार' या नायकांनी वाचनालये गजबजून टाकली होती. तथापि, हा वाचक चित्रपटगृहाकडे वळविणे सोपे नव्हते. कादंबरीत लेखक वर्णनाच्या आडून हवे ते लपवू शकतो. चित्रपटात सारे काही डोळ्यांसमोर घडते. शिवाय हिंदीत 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२) यांसारख्या चित्रपटांनी प्रेक्षकांची अपेक्षा वाढवून ठेवली होती. मर्यादित भांडवलाच्या मराठी निर्मितीला त्या भव्यतेशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. तिला स्पर्धा करायची होती ती कथेच्या बांधणीत.

अशा वेळी परांजपे यांनी जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कृती निवडली. 'लाखाची गोष्ट' (१९५२), 'पेडगावचे शहाणे' (१९५२), 'जगाच्या पाठीवर' (१९६०) अशा चित्रपटांनी त्यांचे नाव विनोद, कारुण्य आणि माणुसकी यांच्याशी जोडले गेले होते. नावलौकिक मिळवून दिलेली वाट सोडून त्यांनी अनोळखी वाट धरली. ही लहर नव्हती, हे लगेच पुढच्या वर्षी आलेल्या 'पडछाया' (१९६५) या चित्रपटावरून स्पष्ट होते.

घडणीचे घटक

कथेचे मूळ सूत्र थोडक्यात असे: पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या पुरुषासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. पतीने पत्नीचा मृत्यू अनुभवलेला आहे, म्हणून तो तिच्यावर विश्वास ठेवू शकत नाही. ती मात्र पतीपत्नींखेरीज कोणालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी सांगत जाते.

या सूत्राचे बळ न्यायालयात आहे. रहस्यपटात माहिती किती व केव्हा द्यावी, हा कळीचा प्रश्न असतो. न्यायालयीन कामकाजात प्रश्न, उत्तर, उलटतपासणी या क्रमाने माहिती स्वाभाविकपणे उलगडते. त्यासाठी अंधाऱ्या हवेल्या किंवा पाठलागाची खर्चिक दृश्ये लागत नाहीत. दुसरे असे की, येथे पुरावा हा सुरा किंवा बोटाचा ठसा नसून संसारातील स्मृती आहे. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला प्रिय असलेली कौटुंबिक कथा आणि त्याला चित्रपटात अपरिचित असलेले रहस्य यांचा सांधा जुळला. 'पाठलाग'ची कल्पकता या सांध्यात आहे, असे म्हणता येईल.

नायकाच्या भूमिकेसाठी काशिनाथ घाणेकर यांची निवड झाली. व्यवसायाने दंतवैद्य असलेले घाणेकर वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या नाटकातील संभाजीच्या भूमिकेने रंगभूमीवर गाजत होते. विश्वास आणि संशय यांत हेलकावणाऱ्या पतीसाठी त्यांच्या अभिनयातील अस्वस्थता अनुरूप ठरली. भावना यांच्यावर त्याहून अवघड कामगिरी होती. प्रेक्षकाला ती स्त्री एकाच वेळी खरी आणि खोटी वाटावी, एवढी संदिग्धता त्यांना अखेरपर्यंत टिकवावयाची होती.

संगीताची बाजू दत्ता डावजेकर यांनी सांभाळली. परांजपे, माडगूळकर आणि सुधीर फडके हे त्रिकूट रसिकांच्या परिचयाचे होते. येथे फडक्यांच्या जागी डावजेकर आले. आशा भोसले यांनी गायिलेले 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गीत या चित्रपटाचा केवळ अलंकार नाही. प्रिय व्यक्ती दृष्टीआड झाली तरी तिची नजर सोबत राहील, ही त्यातील कल्पना ऐकताना प्रेमाचे आश्वासन वाटते आणि मृत्यूनंतर आठवताना तीच मनात भयाची छाया निर्माण करते. रहस्यपटात गाणे कथेला अडथळा ठरते, या समजुतीला हे गीत परस्पर उत्तर देते. एस. बालचंदर यांचा तमिळ 'अंद नाळ' (१९५४) आणि बी. आर. चोप्रा यांचा 'कानून' (१९६०) या चित्रपटांनी गाणी वगळून रहस्य साधले. 'पाठलाग'ने गाण्यालाच रहस्याच्या सेवेस लावले.

भाषांतरित प्रवास

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत १९६४ सालासाठीचे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे रौप्यपदक 'पाठलाग'ला मिळाले. आदल्या वर्षी हाच मान परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला' या चित्रपटाने मिळविला होता. त्यानंतर या कथेचा प्रवास सुरू झाला, तो प्रथम दक्षिणेकडे. १९६५ मध्ये तमिळमध्ये 'इदय कमलम्' हा चित्रपट आला. त्याचे निर्माते एल. व्ही. प्रसाद हे तेलुगू भाषक. 'आलम आरा', तमिळ 'कालिदास' आणि तेलुगू 'भक्त प्रल्हाद' या तिन्ही आरंभीच्या बोलपटांत काम केलेल्या प्रसादांची कारकीर्द मुंबईतच सुरू झाली होती. पुढच्याच वर्षी राज खोसला यांनी साधना व सुनील दत्त यांना घेऊन 'मेरा साया' (१९६६) तयार केला.

शीर्षकांचा क्रम या संदर्भात अभ्यसनीय आहे. 'आशा परत येते' या नावात उत्तराची चाहूल आहे. 'आशा' हे विशेषनामही आहे आणि सामान्यनामही. 'पाठलाग' उत्तर लपवितो आणि कोण कोणाचा पाठलाग करीत आहे, हा प्रश्न उभा करतो. 'इदय कमलम्' म्हणजे हृदयकमळ. येथे भर भावनेवर आहे. 'मेरा साया' ही सावली. तिचे बीज मात्र माडगूळकरांच्या गीतातील सोबत करणाऱ्या नजरेत सापडते. मदनमोहन यांची चाल आणि राजा मेहदी अली खान यांचे शब्द स्वतंत्र आहेत. मृत्यूपलीकडील सोबतीची कल्पना मात्र मराठी गीताशी नाते सांगते. कृष्णधवल मराठी चित्रपटातील आशय हिंदीत रंग, उदयपूरचे सरोवर आणि मोठे तारामंडळ घेऊन अवतरला, आणि अखिल भारतीय स्मृतीत तोच राहिला.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, 'पाठलाग' ही अपघाताने साधलेली कृती नव्हती. स्टुडिओ परंपरेतील उमेदवारी, मराठी रहस्यकथेची वाचकप्रियता, रंगभूमीवरील अभिनय आणि भावगीताचा वारसा या स्वतंत्र प्रवाहांना तिने एकत्र आणले. दुसरी, तिचे विस्मरण हे तिच्या उणिवेचे लक्षण नाही. दोन वर्षांत दोन अन्य भाषांनी स्वीकारावी इतकी तिची बांधणी पक्की होती. आणि या स्वीकारानेच मूळ कृती झाकली गेली.

प्रादेशिक चित्रपटाचा इतिहास लिहिताना मराठीने हिंदीकडून काय घेतले, याची मोजदाद वारंवार होते. मराठीने इतरांना काय दिले, याची नोंद क्वचितच होते. कागलमधून निघालेल्या सुट्या भागाचा हिशोब किमान कारखान्याच्या वहीत तरी राहतो. कथा, चाल आणि कल्पना यांच्या देवघेवीची वही ठेवणे हे इतिहासलेखकाचे काम आहे, आणि त्या वहीत 'पाठलाग'ची नोंद ठळक अक्षरांत व्हावयास हवी.