वास : इशारा आणि फसवणूक

१७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचालयाच्या एका रचनेचे पेटंट घेतले. तिचे मर्म होते एक वाकडी नळी. त्या वळणात थोडे पाणी कायम साचून राही आणि गटारातील वायूची घरात शिरण्याची वाट अडे. आजही न्हाणीघराच्या जाळीखाली हेच तत्त्व काम करते. बंद घर उघडल्यावर दुर्गंधी आली, तर बहुधा ते पाणी सुकलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की अडसर पुन्हा उभा राहतो.

अडसराच्या पलीकडे मात्र वायू तसाच असतो. मैला ऑक्सिजनविना कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. मिथेन गंधहीन व ज्वालाग्राही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेच्या एक कोटी भागांत त्याचा एक भाग असला तरी नाकाला तो कळतो. परंतु दहा लाखांत शंभर भाग झाले की काही मिनिटांतच घ्राणेंद्रिय बधिर होते. वास नाहीसा होतो, वायू नाही. याहून कित्येक पट प्रमाणात माणूस काही श्वासांतच कोसळतो. त्याला वाचवण्यास उतरलेलाही.

स्वयंपाकघरात इतिहास उलटा घडला. १९३७ साली टेक्ससमधील न्यू लंडन येथील शाळेत गंधहीन नैसर्गिक वायूच्या स्फोटात सुमारे तीनशे जीव गेले. त्यानंतर इंधनवायूत उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळणे बंधनकारक होत गेले. भारतीय घरांतला ‘गॅसचा वास’ हा असा हेतुपुरस्सर घातलेला इशारा आहे. तो आला की दिव्याचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात.

गटारात उतरणाऱ्याला असा भरवशाचा इशारा मिळत नाही. म्हणून तेथे नाक नव्हे, वायुमापक यंत्र हवे. त्याहून उत्तम म्हणजे माणसाने उतरूच नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारे व सेप्टिक टाक्या साफ करवून घेण्यास मनाई केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती तीस लाख केली. दरम्यान, २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव कामास लागला.

घराच्या रक्षणाचा उपाय अडीचशे वर्षांपूर्वीच सापडला. त्याच नळीच्या दुसऱ्या टोकाला काम करणारा माणूस मात्र अजूनही मरतो, आणि भरपाईची रक्कम वाढवावी लागते.