मधुमेही लोकांस काय सांगतो?

गेल्या वर्षी आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्यास बढती मिळाली, तेव्हा त्याने पेढ्यांचा पुडा आमच्यापुढे धरला. ‘आज आमचा उपवास आहे’, असे आम्ही ठोकून दिले. परमुलुखात मराठी माणसाच्या तिथी कोण मोजतो, असा आमचा अंदाज. तो गृहस्थ हसून म्हणाला, ‘अहो, पेढा तर व्रताला चालतो!’ निमूटपणे पेढा खावा लागला. आम्हांस मधुमेह आहे हे कळून तेव्हा दोन महिने झाले होते. साधे तीन शब्द तोंडून का निघाले नाहीत, याचा शोध घेताना आम्ही जुन्या ग्रंथांकडे वळलो.

चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे दिली आहेत. मूत्राकडे व अंगाकडे मुंग्या धावतात हे कोणासही दिसेल. परंतु तोंडाला गोडी येणे, हातपाय बधिर होऊन त्यांचा दाह होणे, घशाला कोरड पडणे, हे रोग्याने सांगितल्यावाचून वैद्यास कसे कळावे? त्या सूत्रांमागे कोणा अनामिक रोग्यांचे बोलणे आहे. सुश्रुताने तर मधुमेह्याचे चित्रच काढले आहे: त्यास चालण्यापेक्षा उभे राहणे बरे वाटते, उभे राहण्यापेक्षा बसणे, बसण्यापेक्षा आडवे होणे आणि आडवे होण्यापेक्षा झोप. (हे वर्णन सरकारी कचेरीतील कित्येक निरोगी मंडळींसही लागू पडेल, ही गोष्ट निराळी.)

अडचण येते ती कारणे सांगताना. बसण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ अशी यादी चरक देतो. म्हणजे रोगाचे नाव उच्चारताच आळसाचा व जिभेच्या हौसेचा कबुलीजबाब झाला! वस्तुतः सुश्रुताने प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन प्रकार स्पष्ट मांडले आहेत. पहिला आईबापांकडून येतो व त्याचा रोगी कृश असतो. लोकांच्या ध्यानी राहिला तो दुसरा.

पाश्चात्त्य वैद्यकात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरेटिअसने न भागणाऱ्या तहानेचे व झिजत्या देहाचे करुण वर्णन केले. पुढे 1674 मध्ये थॉमस विलिसने रोग्याच्या मूत्राची गोडी नोंदली आणि 1776 मध्ये मॅथ्यू डॉब्सनने त्यात साखर असल्याचे दाखविले. तेव्हापासून रोग्यापेक्षा त्याच्या मूत्राची साक्ष अधिक ग्राह्य ठरू लागली.

1922 साली इन्सुलिनचे उपचार सुरू झाले आणि मरणाच्या दारातील माणसे दीर्घकाळ जगू लागली. आपल्या रोगाविषयी लोकांस काय सांगावे, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे आयुष्यभरासाठी उभा राहिला. अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज हिला त्याच वर्षी टोरांटोत बँटिंगने इन्सुलिन दिले. ती 1981 पर्यंत जगली. परंतु जवळच्या मोजक्या माणसांखेरीज कोणापाशी तिने हा विषय काढला नाही. याच्या उलट लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स. स्वतःस मधुमेह जडल्यावर मरण जवळ आले असे समजून ते फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. 1923 मध्ये इन्सुलिनची वार्ता कळताच परतले, वाचले, 1925 मध्ये मधुमेह्यांसाठी पुस्तक लिहिले आणि 1934 मध्ये लेखक एच. जी. वेल्स, जे स्वतः मधुमेहीच होते, यांच्यासह मधुमेह्यांची संस्था काढली.

आम्हांस एलिझाबेथला दोष देववत नाही. आपल्याविषयी कोणी हळहळू नये, प्रत्येक घासावर कोणाची नजर नसावी, ही इच्छा आम्ही ओळखून आहो. आमच्या भोवती ‘साहेबांना शुगर आहे’ असे कुजबुजत बोलतात. मधुमेह हा शब्द लोक टाळतात, जणू इंग्रजी नावाने रोग थोडा सौम्य होतो.

या दिवाळीत तोच सहकारी बर्फी घेऊन आला. आम्ही म्हणालो, ‘आम्हांस मधुमेह आहे.’ त्याने डबा मिटला, खुर्ची ओढली आणि हळूच विचारले, ‘तुम्ही कोणती गोळी घेता? मला चार वर्षे झाली.’