टपालसूची-पत्रांचे वर्गीकरण

टपालसूची-पत्रांचे वर्गीकरण : टपालसूचीमार्फत मोठ्या संख्येने येणारी ई-मेल पत्रे ठराविक नियमांनुसार संगणकाकडून निरनिराळ्या कप्प्यांत लावून घेण्याची पद्धत. सूचीच्या पत्त्यावर पाठविलेले एकच पत्र सर्व सदस्यांना मिळते. त्यामुळे लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात. निवडीचा भार मात्र वाचणाऱ्यावर पडतो. हा भार कोणी वाहावयाचा, या प्रश्नाभोवतीच या पद्धतीचा विकास झाला.

अमेरिकेतील आर्पानेट या संगणक-जालावर १९७५ मध्ये ‘मेसेज ग्रुप’ ही आद्य टपालसूचींपैकी एक सूची सुरू झाली. पुढे वर्दळीच्या सूचींचे संपादक अनेक पत्रे एकत्र करून ‘डायजेस्ट’ रूपाने पाठवू लागले. म्हणजे भार संपादकाने उचलला. १९८२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी, माहितीच्या निर्मितीइतकेच ती घेणाऱ्याकडेही लक्ष दिले पाहिजे, असे प्रतिपादन केले. १९८६ मध्ये एरिक टॉमस यांनी पॅरिसमध्ये लिहिलेल्या ‘लिस्टसर्व्ह’ या आज्ञावलीमुळे सदस्यनोंदणी स्वयंचलित झाली. सूची चालविणे सुकर झाले आणि पत्रांचा ओघही वाढला.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे टॉमस मलोन व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘इन्फर्मेशन लेन्स’ या प्रणालीत (१९८७) प्राप्तकर्त्यास स्वतःचे नियम करता येत. स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांच्या ‘प्रोकमेल’ने (१९९०) हे तत्त्व युनिक्स संगणकांवर रूढ केले. त्यात नियम वरून खाली क्रमाने तपासले जातात आणि पत्र कप्प्यात टाकणारा पहिला नियम लागू पडताच तपासणी थांबते. म्हणून विशिष्ट नियम आधी व सर्वसाधारण नियम नंतर लिहावा लागतो.

तथापि पत्र कोणत्या सूचीचे आहे, हे ओळखणेच अवघड होते. प्रेषक प्रत्येक वेळी वेगळा असतो, विषयाची ओळ बदलते आणि सूचीचा पत्ता कधी मुख्य, तर कधी प्रतीच्या रकान्यात येतो. २००१ मध्ये ‘लिस्ट-आयडी’ या शीर्षओळीचे मानक प्रसिद्ध झाले. सूची दुसऱ्या संगणकावर हलविली, तरी ही ओळख तीच ठेवता येते. त्याच वर्षी ‘सीव्ह’ या नियमभाषेचेही मानक प्रसिद्ध झाले. टपाल-संगणकावर सुरक्षितपणे वापरता यावी, म्हणून या भाषेच्या मूळ रूपात पुनरावर्तनाची सोय हेतुतः ठेवलेली नाही.

अशा रीतीने ओळख पटविण्याचा भार सूचीवर व निवडीचा भार प्राप्तकर्त्यावर, अशी वाटणी झाली. नियम पत्राची जागा ठरवितो, योग्यता नव्हे. त्यामुळे कप्प्यात गेलेले महत्त्वाचे पत्र न वाचलेलेच राहण्याचा धोका कायम आहे.