आसुडापासून काँकॉर्डपर्यंत

पोतराजाने हवेत फिरवलेल्या आसुडाचा कडाड आवाज आमच्या बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना नवा नाही. आसूड कशावरही आपटलेला नसतो, मग आवाज कशाचा? त्याच्या टोकाकडील भागाचा वेग क्षणभर ध्वनीच्या वेगाहून अधिक होतो, पुढची हवा वेळेत बाजूला होऊ शकत नाही आणि दाबाची तीव्र लाट निघते. स्वनातीत विमानाचा गडगडाट याच जातीचा. अशी प्रवासी विमाने पुन्हा येणार, अशी चर्चा आता सुरू आहे. ती आधी आली आणि गेली, त्यात या आवाजाचा वाटा किती होता हे पाहू.

सोव्हिएत टीयू-१४४ हे ३१ डिसेंबर १९६८ रोजी उडाले, ब्रिटन-फ्रान्सचे काँकॉर्ड २ मार्च १९६९ रोजी. पुढची लांब पल्ल्याची विमाने अशीच असणार, असा त्या वेळी अनेक विमान कंपन्यांचा होरा होता. जे. आर. डी. टाटांच्या अध्यक्षतेखालील एअर इंडियानेही दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवले होते. १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या विमानाने जुहूला उतरलेल्या माणसाला हा मोह पडला, यात नवल नाही. पण १९७३ मध्ये तेल महागले. काँकॉर्ड तासाला सुमारे २५ हजार लिटर इंधन पिऊन जेमतेम १०० प्रवासी नेई. १९७५ मध्ये एअर इंडियाने आपली नोंदणी रद्द केली.

आता गडगडाटाकडे येऊ. विमान ध्वनिवेग ओलांडते त्या क्षणी एकदाच आवाज होतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. माजलगावच्या जलाशयात बोट चालते तोवर तिच्यामागे लाटांची पाचर ओढली जाते. तसाच विमानामागे दाबाचा शंकू ओढला जातो आणि तो ज्या ज्या गावावरून सरकतो तिथे गडगडाट होतो. काँकॉर्ड १६ ते १८ किलोमीटर उंचीवरून जाई. त्याच्या वाटेखालचा सुमारे ८० किलोमीटर रुंदीचा पट्टा हा आवाज ऐके. जमिनीवर दाबाची वाढ सुमारे १०० पास्कल असे. वातावरणाच्या दाबाच्या हा हजारावा भाग, ऐकायला किरकोळ. पण पत्र्याच्या छपरावर दर चौरस मीटरला दहा किलो वजन अचानक टेकल्यासारखे ते होते.

लोक हे सोसतील का, याचा प्रयोग अमेरिकेने १९६४ मध्ये ओक्लाहोमा शहरावर सहा महिने केला. शेवटी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी ‘हे सोसणे शक्य नाही’ असे सांगितले. १९७३ मध्ये अमेरिकेने जमिनीवरून नागरी स्वनातीत उड्डाणास बंदी घातली.

काँकॉर्डची प्रवासी सेवा २१ जानेवारी १९७६ रोजी सुरू झाली, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचा पहिला मार्ग लंडन-बहारिन होता. तो सिंगापूरपर्यंत वाढवायचे ठरले. वर्गातल्या पृथ्वीगोलावर बहारिन ते सिंगापूर दोरा ताणून पाहावा. आमच्या हिशेबाने तो श्रीवर्धनजवळ किनारा ओलांडतो आणि सातारा, जत, विजापूर यांवरून जातो. बीड त्याच्या उत्तरेला सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे पट्ट्याबाहेर. माणदेश मात्र नेमका खाली! भारताने आपल्या भूमीवरून स्वनातीत वेगास नकार दिला. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेली सेवा मलेशियाच्या हरकतीमुळे तीन फेऱ्यांत थांबली, १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९८० मध्ये कायमची बंद पडली. नकार देणाऱ्यांना तेव्हा ‘प्रगतीचे विरोधक’ म्हणणे सोपे होते. आम्हाला तो नकार रास्त वाटतो. आवाज जतच्या शेतकऱ्याने ऐकायचा आणि वेळ वाचायचा तो लंडनच्या व्यापाऱ्याचा!

पुढे काँकॉर्ड मुख्यतः अटलांटिक महासागरावरून उडत राहिले. २५ जुलै २००० च्या पॅरिसजवळच्या अपघातात ११३ माणसे गेली आणि २४ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटचे प्रवासी उड्डाण झाले. (बीड शहराला पहिली प्रवासी रेल्वे मिळाली २०२५ मध्ये.)

त्याच २०२५ सालच्या २८ जानेवारीला अमेरिकेतील बूम कंपनीच्या एक्सबी-१ या चाचणी विमानाने ध्वनिवेग ओलांडला, आणि जमिनीवर गडगडाट पोचला नाही असे कंपनीने जाहीर केले. जूनमध्ये अमेरिकी अध्यक्षांनी १९७३ ची बंदी उठवण्याचा आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये नासाचे एक्स-५९ उडाले. गडगडाटाऐवजी हलकी थाप ऐकू यावी अशा बेताने त्याचा आकार घडवलेला आहे.

एक्सबी-१ ची युक्ती मृगजळ पाहिलेल्याला लगेच समजेल. जमिनीलगतची हवा तापलेली असते, तीत ध्वनी अधिक वेगाने जातो, त्यामुळे वरून येणारी लाट वाकून पुन्हा वर वळते. वारा नसेल तर नियम सोपा आहे: विमानाचा वेग जमिनीलगतच्या ध्वनिवेगापेक्षा कमी हवा. बीडला मे महिन्यात ४० अंशांना हा वेग सेकंदाला ३५५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२८० किलोमीटर होतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना तो ३३७ मीटर, ताशी सुमारे १२१५ किलोमीटर. काँकॉर्डच्या २१५० पुढे हे काहीच नाही, नेहमीच्या विमानाच्या ९०० पेक्षा मात्र बरेच आहे.

आता ताशी १२५० ने जाणारे विमान घ्या. मे महिन्याच्या दुपारी ते बीडवरून मुकाट जाईल. डिसेंबरच्या पहाटे त्याचा गडगडाट खाली येईल. आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला होता.