छाट कोणाच्या हातात?

निपाणीच्या बिडी धंद्याचा इतिहास सांगताना लोक व्यापाऱ्यांची नावं घेतात. मी बिडी वळणाऱ्या बाईची मुलगी. मला आधी आठवतो तो माल तपासणारा माणूस. मालक आईनं कधी जवळून पाहिलाच नव्हता. ती म्हणायची, ‘मालकाचं काय भ्याव न्हाई गं, ह्याच्या बोटांचं हाय.’

पानं आणि जर्दा कारखान्यातून मापून मिळायचा. पानं भिजवायची, मापाला कातरायची, जर्दा भरून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा आणि पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधायचा. मजुरी हजारावर. संध्याकाळी आई सूप घेऊन रांगेत बसायची. तपासणारा एकेक कट्टा उचलायचा, चिमटीत दाबायचा, म्हणायचा, ‘मावशी, ढिल्या हाईत,’ आणि बाजूला टाकायचा. ही छाट. तिचे पैसे मिळत नसत आणि बिडीही परत मिळत नसे. पानं कमी भरली तर बाजारातून विकत आणून हजार पुरा करायचा. जी बाई उलट बोलेल तिची छाट दुसऱ्या दिवशी वाढायची. अख्ख्या कारखान्यावर धाक बसायला एवढं पुरे होतं.

कायदा नव्हता असं नाही. 1966 साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांत छाट साधारणपणे 5 टक्क्यांच्या वर नको आणि कामगारानं मुद्दाम हयगय केली नसेल तर छाटीलाही निम्मी मजुरी द्यावी, असं होतं. मालक कोर्टात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयात कायदा टिकला. पण 1956 साली निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली होती. सरकारी कागद कानडीत नाहीतर इंग्रजीत. आईच्या रांगेपर्यंत ते 5 टक्के आपोआप कधी पोचलेच नाहीत.

ते पोचवले संघटनेनं. 1980च्या सुमारास प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकारानं वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी बिड्या वळणाऱ्या बाया एकत्र आल्या. जोशींच्या हातात ना हजेरीची वही होती, ना मजुरी. त्यांच्याजवळ कायद्याची माहिती होती आणि बायांचा विश्वास होता. माझ्या मते त्याहून मोठं वजन होतं ते रांगेतल्याच पुढारी बायांचं. ज्या बाईची स्वतःची छाट निघते, ती ‘उद्या काम बंद’ म्हणाली की शेजारणीला ते पटतं. वखारीतल्या बायांच्या या लढ्यावर युगांतर गटानं 1982 साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात बाया स्वतःच बोलतात.

त्याच काळात, 1981च्या मार्च-एप्रिलमध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. निपाणीचं नाव देशभर झालं ते त्या आंदोलनानं, आणि ते योग्यच आहे. पण बायांच्या रांगेतला लढा त्यामागं झाकला गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या बाया आता थकल्या. कितीतरी गेल्याही. निपाणीत, चिकोडीत, कागलकडच्या गावांत कुणाच्या ट्रंकेत आईचं, आजीचं कामगार कार्ड असेल, मजुरीची नोंद असलेली वही असेल, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका. आणि आजी हयात असेल, तर छाट कोण काढायचा आणि ती पुढं कशी कमी झाली, ते तिच्याकडून आजच लिहून घ्या.