होडी खाली का बसते? : एका रेघेची गोष्ट

बोरीवलीत राहणाऱ्या बहुतेक आयटीवाल्यांचा समुद्राशी संबंध गोराईच्या फेरीबोटीपुरता असतो. जेट्टीवर जायचं, बोटीत बसायचं, पलीकडे उतरायचं, फोटो काढायचे, परत यायचं. पण त्याच खाडीत छोट्या मासेमारी होड्याही उभ्या असतात. पुढच्या विकांताला गेलात तर त्यांच्याकडे जरा नीट बघा. दोन सारख्याच आकाराच्या होड्या शेजारी शेजारी असतात, पण एक पाण्यावर ऐटीत तरंगते आणि दुसरी दमल्यासारखी खाली बसलेली असते. दोन्ही रिकाम्या. मग हा फरक कुठून आला?

हा प्रश्न मला स्वतःहून पडला नाही, मित्राच्या काकांमुळे पडला. मित्र मनोरीचा. त्याच्या काकांची फायबरची जुनी होडी आहे, साधारण सात मीटर लांब, मागे आउटबोर्ड इंजिन. काकांचं म्हणणं असं, की "होडी हल्ली तीन बोटं खाली बसते." मित्राने हा प्रश्न ऑफिसात जेवताना टेबलावर टाकला, आणि टेबलाभोवती चार इंजिनियर असल्यामुळे लगेच चार मतं तयार झाली. :)

मला उत्तर इतिहासात सापडलं. म्हणून हा लेख.

आधी थोडं गणित

आर्किमिडीज सगळ्यांना शाळेत भेटलेला आहे. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते. म्हणजे होडी खाली बसली याचा सरळ अर्थ तिचं वजन वाढलं. किती वाढलं तेही काढता येतं. सात मीटर लांब आणि एक मीटर ऐंशी सेंटीमीटर रुंद होडी. ती पुढे निमुळती असते, म्हणून लांबी गुणिले रुंदीच्या ७० टक्के धरू. पाण्याच्या पातळीवर होडीचं क्षेत्रफळ आलं अंदाजे ८.८ चौरस मीटर. समुद्राच्या पाण्यात अशी होडी एक सेंटीमीटर खाली जायला सुमारे ९० किलो वजन लागतं.

तीन बोटं म्हणजे पाच सेंटीमीटर धरा. पाच गुणिले नव्वद, साडेचारशे किलो!

म्हणजे सहा-सात धडधाकट माणसं त्या होडीत कायमची बसलेली आहेत आणि कुणाला दिसत नाहीत. मासे पकडायच्या आधीच साडेचारशे किलोंची जागा गेलेली. आणि होडीचा काठ पाण्याच्या तेवढा जवळ आला, म्हणजे जी लाट आधी बाहेरून निघून जायची ती आता आत येणार. काका त्या होडीवर घर चालवतात, आणि त्याच होडीतून रात्री बाहेर जातात. जेवणाच्या टेबलावरचा टाईमपास इथे संपला.

लाकडाचा जमाना

होडी आणि बोरीवली हे नातं तसं फार जुनं. बोरीवली पश्चिमेला एक्सरचे वीरगळ आहेत (बोरीवलीत राहून पाहिले नसतील तर जरूर पाहा). त्यांच्यावर चक्क नाविक युद्ध कोरलेलं आहे, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या लढाईचं हे चित्रण असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. वल्ह्यांच्या जहाजाला खाली बसणं अजिबात परवडत नाही. वल्हं पाण्यापासून ठरावीक उंचीवर असलं तरच नीट मारता येतं. जहाज वीतभर खाली गेलं की वल्हेकऱ्यांचे हाल.

लाकडी होडी जड होते कशी? एक तर लाकूड पाणी पितं. थोडं प्यायलाच हवं, कारण फळ्या फुगल्या की मधल्या फटी घट्ट बसतात. पण सतत पाण्यात राहिली की होडी जडच होत जाते. दुसरा शत्रू म्हणजे टेरेडो. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो खरं तर शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतून फळी पोखरतो. बाहेरून सगळं ठीकठाक! कोलंबसच्या चौथ्या सफरीत याच प्राण्याने त्याच्या जहाजांची चाळण केली. जून १५०३ मध्ये उरलेली दोन जहाजं जमैकाच्या किनाऱ्यावर चढवण्याशिवाय त्याला गत्यंतर राहिलं नाही. पुढे ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले आणि तो उपाय लागू पडला.

आपल्या मुंबईचं उत्तर होतं सागवान. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने इथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशेहून जास्त वर्षं! मुंबईत बनवलेला माल.

कोळीवाड्यातल्या माणसाला तांब्याचे पत्रे कुठून परवडणार? त्याच्याकडे पावसाळा होता. दर्या खवळला की होडी वर ओढायची, झावळ्यांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत डागडुजी करायची. पाण्याबाहेर काढल्यावर टेरेडो मरतो आणि लाकूड प्यायलेलं पाणी हळूहळू सोडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्षातून एकदा संपूर्ण सिस्टीम रीस्टार्ट.

इंजिन आलं, फायबर आलं

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात होड्यांना इंजिनं बसू लागली. सातपाटी आणि वर्सोवा या आपल्याकडच्या होड्यांच्या नावाजलेल्या पद्धती. मुळात शिडासाठी घडवलेल्या या होड्यांच्या पोटात डिझेल इंजिन आलं. सुताच्या आणि तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. नायलॉन पाणी पीत नाही, त्यामुळे जाळं हलकं झालं. पण हलकं झालं म्हणून लोकांनी मोठं घेतलं! (हार्ड डिस्क मोठी झाली की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.)

आउटबोर्डचा इतिहास वेगळाच. ओल इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने १९०९ मध्ये मिलवॉकीत आपलं आउटबोर्ड इंजिन विकायला सुरुवात केली. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पाउंड, म्हणजे २८ किलो. एका माणसाने उचलून होडीला लावावं, काम झालं की काढून घरी न्यावं, अशी कल्पना. पुढे ताकद वाढली, वजनही वाढलं. मग प्रदूषणाच्या नियमांमुळे जगभर टू-स्ट्रोककडून फोर-स्ट्रोककडे प्रवास सुरू झाला. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारणपणे जास्त जड असतं, मधल्या आकारात वीस-पंचवीस किलोंनी सहज. शिवाय बॅटरी. आणि हे सगळं वजन होडीच्या अगदी मागच्या टोकाला!

इथे एक गंमत होते (गंमत कसली, धोकाच). छोट्या होडीत आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून मागच्या बाजूला भोकं ठेवलेली असतात. ती पाण्याच्या पातळीच्या वर असतील तरच उपयोग. मागची बाजू जड झाली की भोकं पाण्याखाली जातात आणि ज्यांनी पाणी बाहेर काढायचं तीच पाणी आत घेतात. पाणी आलं की होडी आणखी जड, भोकं आणखी खाली. इन्फिनिट लूप.

मग आलं फायबर. ते कुजत नाही, त्याला टेरेडो लागत नाही, दरवर्षी फटी भरायच्या नाहीत. लोक खूश. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून बऱ्याच फायबर होड्यांच्या तळात, दोन थरांच्या मध्ये फोम भरलेला असतो. चांगला कोरडा फोम एका घनमीटरला तीसेक किलो भरतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण वरच्या थराला तडा गेला, एखादा स्क्रू नीट बंद केला नाही, की पाणी आत झिरपतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं. दोनशे लिटर फोम पुरता भिजला तर जवळजवळ दोनशे किलो! बाहेरून काही दिसत नाही, उन्हात ठेवूनही चटकन वाळत नाही. टेरेडो गेला, पण आतून, न दिसता नुकसान करायचं त्याचं काम फोमने पुढे चालू ठेवलं.

काकांच्या होडीचं निदान

निदानाची पद्धत आपल्या डिबगिंगसारखीच. आधी सोपं, मग अवघड. होडी एका बाजूला कलते आहे की मागे झुकते आहे ते बघायचं, त्यावरून वजन कुठे आहे ते कळतं. तळाचं पाणी उपसायचं. तळाला चिकटलेले कालवं-शिंपले खरवडायचे. मग सुटं सामान सगळं बाहेर काढून काट्यावर ठेवायचं. जाळी, दोर, नांगर, बर्फाची पेटी, "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेलं सगळं. आणि शेवटी तळाला छोटं भोक पाडून फोम तपासायचा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी किनाऱ्यावर होती, तेव्हा हे सगळं झालं. भोकातून पाणी ठिबकलं. भिजलेला फोम अंदाजे २०० किलो, सुटं सामान १००, आधीपेक्षा जड इंजिन आणि बॅटरी ६०, डागडुजीत चढवलेले फायबरचे थर ४०. झाले चारशे. उरलेल्या पन्नासांचा हिशोब लागला नाही, आणि लागणारही नाही. कारण "तीन बोटं" हे माप काकांच्या आठवणीतलं होतं. होडी नवी असताना पाणी नेमकं कुठपर्यंत येत होतं, हे कुणीच कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

खरा मुद्दा इथे आहे. सुरुवातीची नोंद नसेल तर आज काय बिघडलं ते कसं सांगणार? लॉग नसलेला सर्व्हर डाऊन झाल्यावर जे होतं तेच.

रेघ मारणारा माणूस

ही नोंद जहाजावर असावी म्हणून एका माणसाने अर्धं आयुष्य घालवलं. सॅम्युअल प्लिमसोल, ब्रिटिश खासदार, डर्बीचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात काही मालक जुनाट जहाजांचा भरपूर विमा उतरवत आणि त्यात क्षमतेपेक्षा जास्त माल कोंबत. जहाज पोचलं तर नफा, बुडालं तर विम्याचे पैसे. खलाशी मेले तर मेले. लोक अशा जहाजांना शवपेट्या म्हणत. जहाजाच्या कुशीवर माल भरण्याची मर्यादा दाखवणारी रेघ असावी, ही कल्पना मुळात जेम्स हॉल या जहाजमालकाने लावून धरली होती. प्लिमसोलने ती रस्त्यावर आणि संसदेत नेली. १८७३ मध्ये पुस्तक लिहिलं. १८७५ मध्ये सरकारने विधेयक बाजूला ठेवलं तेव्हा भर सभागृहात तो इतका भडकला, की नंतर त्याला माफी मागावी लागली. पण जनमत त्याच्या बाजूने होतं आणि १८७६ मध्ये कायदा झाला.

त्या कायद्यात मेख अशी, की रेघ मारणं सक्तीचं, पण कुठे मारायची ते मालकाने ठरवायचं! ही पळवाट १८९० मध्ये बंद झाली. मग १९३० आणि १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाले. आज मोठ्या मालवाहू जहाजावर वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसते ती हीच. शेजारी उन्हाळा, हिवाळा, गोडं पाणी यांच्या वेगळ्या खुणा असतात, कारण गोड्या पाण्यात जहाज जरा जास्त खाली बसतं.

पण १९६६ च्या कराराचं पाचवं कलम वाचा. तो करार कुणाला लागू नाही, त्याची यादी तिथे आहे. युद्धनौका, हौशी नौका, २४ मीटरपेक्षा लहान नवी जहाजं, आणि मासेमारी नौका. मासेमारी नौकांसाठी १९७७ मध्ये स्पेनमध्ये तोरेमोलिनोसला वेगळा करार झाला. तोही २४ मीटर आणि त्यापुढच्या बोटींसाठीच, आणि तो कधीच अंमलात आला नाही. म्हणजे ज्या खलाशांच्या जिवासाठी प्लिमसोल भांडला त्यांच्या जहाजांवर रेघ आली, पण सात मीटरच्या होडीतला नाखवा बाहेरच राहिला. त्याच्या होडीवर सरकारी नोंदणीचा नंबर असतो. रेघ नसते.

लाकडाच्या जमान्यात ही रेघ नाखव्याच्या डोळ्यांत होती. दरवर्षी होडी वर यायची, त्याच्या हाताखालून जायची, कुठली फळी जड झाली ते त्याला कळायचं. फायबरने ती दरवर्षीची मेहनत कमी केली, आणि तिच्यासोबत होणारी तपासणीही कमी केली. होडीचं आतलं त्याला आता दिसत नाही.

उपाय अगदी स्वस्त आहे, रंगाचा एक डबा. होडी नवी असताना किंवा मोठ्या डागडुजीनंतर ती पूर्ण रिकामी करायची, शांत पाण्यात सोडायची आणि पुढे-मागे, दोन्ही बाजूंना, पाणी लागतं तिथे खूण करायची. शेजारी तारीख आणि इंजिनाचं वजन लिहायचं. दर हंगामाच्या सुरुवातीला परत बघायचं. एक सेंटीमीटर म्हणजे किती किलो, हा आकडा प्रत्येक होडीसाठी एकदाच काढावा लागतो, आणि तेवढं तर आपल्यापैकी कुणीही करून देऊ शकतो.

काकांनी भिजलेला फोम काढून नवा भरला. होडी पाण्यात उतरवल्यावर मित्राने चारही ठिकाणी पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. आता पुढच्या वेळी "तीन बोटं" म्हणावं लागणार नाही.

असो. लेख लांबला. तुमच्या ओळखीत कुणाची होडी असेल, तर रंगाच्या डब्याची गोष्ट तेवढी नक्की सांगा.