नार्सिससाचें तळें

नार्सिसस स्वतःच्याच प्रेमांत पडला, असें आपण सर्वजण समजून चालतों. परंतु रोमन कवि ऑव्हिड यानें इ. स. ८ च्या सुमारास रचलेल्या 'मेटामॉर्फोसिस' या काव्याच्या तिसऱ्या सर्गांत ही ग्रीक कथा ज्या रीतीनें सांगितली आहे, ती पाहिली म्हणजे निराळाच प्रकार आढळतो. तहानेनें पाण्यावर वांकलेल्या त्या तरुणास आंत दिसला तो दुसराच कोणी सुंदर पुरुष! त्यास तो आळवितो, कवटाळूं पाहतो. हें आपलेंच प्रतिबिंब, हें त्यास फार उशिरां उमगतें. आणि उमगल्यावरहि तळ्याकांठून त्याच्यानें उठवत नाहीं.

हें नांव मानसशास्त्रांत शिरलें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९८ सालीं हॅवलॉक एलिस यानें या कथेचा दृष्टांत दिला. पुढच्याच वर्षीं पाउल नेके या जर्मन वैद्यानें तीवरून शब्द घडविला. १९१४ सालीं फ्रॉइडनें स्वतंत्र निबंध लिहून आत्मरति ही बालमनाच्या वाढींतील एक स्वाभाविक पायरी ठरविली. तेव्हां आरशापुढें घटकाभर रेंगाळणाऱ्या आपल्या चिरंजीवांस रोगी समजण्याचें कारण नाहीं!

खरा वाद पुढें माजला, तो व्हिएन्ना येथें जन्मून अमेरिकेंत स्थायिक झालेल्या दोन वैद्यांमध्यें. हाइन्झ कोहुट यानें १९७१ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें कीं, मुलास आईबापांच्या डोळ्यांत आपलें कौतुक दिसावें लागतें. तें न दिसल्यास तें मूल मोठेपणींहि परक्यांच्या डोळ्यांत तेंच धुंडीत राहतें. उलट ऑटो कर्नबर्ग याच्या १९७५ च्या ग्रंथाप्रमाणें, या डौलाखालीं संताप व मत्सर धुमसत असतो, आणि तो रोग्याच्या नजरेस आणून दिलाच पाहिजे. प्रस्तुत लेखकाचा कल कोहुटकडे आहे. ऑव्हिडच्या तळ्याशीं त्याचेंच म्हणणें अधिक जुळतें.

१९८० सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या अधिकृत ग्रंथांत ही विकृति स्वतंत्रपणें दाखल झाली. आज तिचीं नऊ लक्षणें मानतात: मोठेपणाची अवास्तव कल्पना, स्तुतीची न शमणारी भूक, परदुःखाविषयीं अनास्था इत्यादि. त्यांपैकीं पांच तरी जडलेलीं असावीं लागतात, आणि तींहि प्रसंगापुरतीं नव्हेत. २०१० सालीं हें नांव गाळण्याचा प्रस्ताव आला होता, पण २०१३ च्या आवृत्तींत तें राहिलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलांत आलेल्या वर्गीकरणांत मात्र तें निराळें दिलेलें नाहीं. वैद्यांत असा मतभेद असतां, घरोघरीं हा शब्द नवऱ्यास, सासूस नाहीं तर वरिष्ठ अधिकाऱ्यास शिवीसारखा लावला जातो, हें विलक्षणच म्हणावयाचें.

तथापि त्या घरांतील दुःख खोटें नसतें. असा मनुष्य आपण होऊन वैद्याकडे क्वचितच जातो. झिजतात तीं त्याच्या सहवासांतलीं माणसें. ऑव्हिडनें त्यांनाहि विसरलेलें नाहीं. इको या वनदेवतेस दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे उच्चारतां येत. नार्सिससानें झिडकारल्यावर ती झुरत गेली, देह नाहींसा झाला, आणि आवाज मात्र उरला. तो तळ्याकांठीं मरूं लागला तेव्हां, अपमान आठवत असूनहि, ती हळहळली. त्यानें 'हाय' म्हटलें कीं तीहि 'हाय' म्हणे.